धोका काय, उपाय काय, जबाबदार कोण?

आमचे गजभियेसाहेब चहा करण्याआधी सेफ्टी मीटिंग घेतात. घरात एकटेच असले तरी घेतात. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर आमच्या घरासमोर येते, त्यामुळे पडद्याच्या फटीतून मी हे अनेकदा पाहिलं होतं. माणूस स्टोव्हसमोर ताठ उभा राहतो, एक बोट वर करतो आणि समोर पाच-सहा जण उभे असल्यासारखा काहीतरी बोलतो. पहिल्यांदा मला वाटलं, प्रार्थना असेल. पुढे चहाला जायला लागले तेव्हा शब्द ऐकू आले. "धोका काय? दूध उतू जाणे. उपाय काय? इथून हलायचं नाही. जबाबदार कोण? मी." एवढं झालं की मग बटण फिरवायचं.

साहेब मूळचे नागपूरचे. इथे कॅनडात, सस्काटूनजवळच्या पोटॅशच्या खाणीत, जमिनीखाली किलोमीटरभर, त्यांनी सत्तावीस वर्षं नोकरी केली. तिथे म्हणे प्रत्येक पाळी सुरू होण्याआधी पाच मिनिटं सगळे गोल करून उभे राहतात. आजचं काम काय, त्यात काय बिघडू शकतं, त्यावर उपाय काय आणि तो कोणी करायचा, हे एका पिवळ्या कार्डावर लिहितात. काम संपलं की खालच्या चौकटीत बरोबरची खूण करतात. साहेब निवृत्त झाले त्या दिवशी सहकाऱ्यांनी थट्टा म्हणून कोऱ्या कार्डांचं एक अख्खं खोकं भेट दिलं. ती थट्टा आहे हे साहेबांना आजतागायत कळलेलं नाही. त्यांनी खोकं घरी आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून कार्डं वापरायला काढली.

आता सगळ्याचं कार्ड असतं. ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढण्याचं आहे, लॉन्ड्रीचं आहे, लोणच्याची बरणी वरच्या फळीवरून खाली काढण्याचं आहे. एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम असतो, त्यात मेणबत्त्या लावण्याआधी ते हॉलमधल्या दीडशे लोकांना आपत्कालीन दरवाजे दाखवतात. लोक "जयभीम" म्हणायला हात जोडून उभे, आणि हे विमानातल्यासारखे दोन्ही हात पसरून दरवाजे दाखवताहेत. आमच्या गणपतीला येतात तेव्हा मोदक आवडीने खातात, पण कापूर पेटवला की अग्निशामक नळकांडं घेऊन तबकाच्या मागे उभे राहतात. भारतातून आलेल्या माझ्या सासूबाई एकदा त्यावर चिडल्या. साहेब शांतपणे म्हणाले, "आरती तुमची आहे जी आई, पण आग सगळ्यांची असते."

अशा माणसाचं आयुष्य बिनधोक जायला हवं. पण ऑक्टोबरात साहेब बेसमेंटच्या जिन्यावरून पडले. हाडबीड मोडलं नाही, पण पाय मुरगळला आणि तासभर त्यांना उठता आलं नाही. त्यांच्या पत्नी, सुनंदावहिनी, जाऊन सहा वर्षं झाली, घरात दुसरं कोणी नाही. तासाभराने ते कसेबसे वर आले आणि त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर त्या पडण्याचं कार्ड भरलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, पायांत मात्र जोर राहिलेला नाही, हालचाल वाढवा.

नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी साहेब आमच्या दारात उभे. हातात हेल्मेट.

"ताई, मला सायकल चालवायची आहे. एकट्यानं भीती वाटते. सोबत पाहिजे."

"साहेब, बाहेर बर्फ आहे."

"बर्फ तर एप्रिलपर्यंत राहीन. तुमच्या सईची सायकल गॅरेजमध्ये पडून राहिली ना? तिला बर्फाचे टायर मी लावून देतो."

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी पोतदार, मूळची चिंचवडची. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. कंपनी ओटावाजवळच्या कनाटा गावची, ऑफिस आमचं बेसमेंट. नवरा, मंदार, उत्तरेकडच्या खाणीत. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. मुलगी, सई, सप्टेंबरपासून ओटावाला शिकायला. तेव्हापासून माझं चालणं म्हणजे बिछाना ते बेसमेंट आणि बेसमेंट ते फ्रिज. ग्रोसरी दारात येते. हिवाळ्यात पडदेही मी उघडत नाही, हीटिंगचं बिल कमी येतं असं माझं म्हणणं. जिने चढताना धाप लागायची, पण घरात ऐकायला कोणी नव्हतं, त्यामुळे चाललं होतं.

नाही म्हणायला माझ्याकडे दहा कारणं होती. पण चौसष्ट वर्षांचा माणूस दारात हेल्मेट घेऊन उभा आहे आणि भीती वाटते म्हणून सांगतोय, त्याला काय नाही म्हणणार? मी हो म्हटलं. संध्याकाळी मंदारला फोनवर सुस्कारे टाकत सांगितलं, "बिचारे एकटे आहेत रे. आता मलाच बघायला हवं त्यांच्याकडे." किती थोर झाले होते मी त्या संध्याकाळी, सांगता सोय नाही.

मग दर रविवारी आम्ही कोपऱ्यावरच्या शाळेपर्यंत जाऊन यायला लागलो. जाऊन-येऊन दीड किलोमीटर. पहिल्या रविवारी शाळेच्या फाटकाला धरून मी पाच मिनिटं उभी होते. साहेब बाजूला उभे राहून मोठ्या आवाजात स्वतःची नाडी मोजत होते, जणू दम त्यांनाच लागला आहे.

ख्रिसमसच्या सुट्टीत टोरांटोजवळच्या एटोबिकोहून त्यांची मुलगी आली. प्रज्ञा. फिजिओथेरपिस्ट आहे, बापासारखीच मुद्द्याचं बोलते. तिने घर पाहिलं, जिना पाहिला, बापाकडे पाहिलं आणि निकाल दिला. मार्चमध्ये घर विकायचं. बाबांनी तिच्या कॉन्डोत यायचं, चौदाव्या मजल्यावर, जिना नाही, बर्फ नाही.

 तिसऱ्या दिवशी, माझ्यासमोरच, साहेब तिला म्हणाले, "पायात जोर नाही म्हणूनच नेऊन राहिली ना तू? मग माझी परीक्षा घे."

"व्हॉट काइंड ऑफ परीक्षा, बाबा?"

"तू ठरव. पास झालो तर घराचं नाव काढायचं नाही."

प्रज्ञाने विचार केला. नदीवरचा पूल ओलांडून थोडं पुढे गेलं की एक हिरवं बाक आहे. घरापासून साधारण पाच किलोमीटर. जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी दुपारी बारापर्यंत स्वतःच्या ताकदीवर त्या बाकापर्यंत जायचं आणि तिथून व्हिडिओ कॉल करायचा. "नो राइड्स, नो चीटिंग," ती म्हणाली. मग निघताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "आंटी, प्लीज गो विथ हिम. ही विल नेव्हर टेल मी इफ समथिंग हर्ट्स."

मी छाती पुढे काढून हो म्हटलं. खरं सांगायचं तर, समोरच्या खिडकीत बोट वर करून चहा करणारं कोणी नसेल, हा विचार मला एकदम नकोसा झाला. का ते मी तेव्हा तपासून पाहिलं नाही.

परीक्षेच्या दिवशी तापमान उणे एकोणीस. ऊन मात्र लख्ख होतं. मी मंदारचे थर्मल, त्यावर माझे, त्यावर सलवार, त्यावर बर्फाची पँट, असा सगळा सरंजाम चढवून बाहेर आले तेव्हा मला गुडघे वाकवता येत नव्हते. साहेबांनी ड्राइव्हवेवर मीटिंग घेतली. हजर मी एकटीच. अकरा धोके वाचून दाखवले. भुसभुशीत बर्फाखालचा गुळगुळीत बर्फ, चष्म्यावर साचणारी वाफ, मोकळे कुत्रे, घाम ("घाम आला की थंडी आत शिरते, म्हणून घाम काढायचा नाही") वगैरे. अकरावा धोका होता, पोतदारताईंचा दम.

"हे लिहायची काय गरज होती?" मी म्हटलं.

"कार्डावर खरं लिहावं लागते जी, ताई. सही करा."

मी सही केली आणि आम्ही निघालो.

पहिला अर्धा किलोमीटर झकास गेला. दुसऱ्या अर्ध्यात पायडल जड व्हायला लागलं. मी निमूटपणे जोर लावत राहिले. स्वतःलाच शिव्या घातल्या. चार महिने बेसमेंटमध्ये चिवडा खात बसलं की हेच होणार, म्हटलं. शाळा गेली, पेट्रोल पंप गेला, आणि प्रत्येक वळणावर पायडल आणखी जड. मांड्या पेटल्या. पुढे साहेबही कण्हत होते, पण वळून म्हणायचे, "तुम्ही बरोबर येऊन राहिल्या, ताई! थोडंच राहिलं!" थोडं कसलं, अजून साडेतीन किलोमीटर होते. दोघांनाही वाटत होतं की दोष आपल्याच पायांचा आहे, आणि दोघेही दुसऱ्याला कळू देत नव्हतो.

पूल दिसायला लागला आणि एकदम माझं पायडल हलकं झालं. इतकं हलकं की पाय गरागरा फिरायला लागले. मला वाटलं, आला अंगात जोर! मग लक्षात आलं की पाय फिरताहेत, चाक फिरत नाही. सायकल हळूहळू थांबली आणि मी बाजूच्या बर्फाच्या ढिगात आडवी झाले. मान वर करून पाहते तर पुढे साहेब. त्यांचेही पाय भराभर फिरत होते आणि सायकल जागच्या जागी.

साहेब उतरले. माझ्याकडे धावत आले, मला उठवलं, "कुठं लागलं?" असं तीनदा विचारलं. लागलं काहीच नव्हतं, इतक्या थरांतून कुठे लागणार? मग ते गुडघ्यावर बसून साखळी पाहायला लागले. साखळी पांढरीफटक. मागच्या चाकाच्या मध्यभागी, जिथे साखळी चाकाला फिरवते तिथेही सगळं पांढरं, घट्ट. मी वाकले तर नाकात वास शिरला. तो वास न ओळखणारी मराठी बाई अजून जन्मायची आहे.

"साहेब. हे खोबरेल आहे?"

साहेबांनी नखाने साखळीवरचं पांढरं खरवडलं.

"साहेब!"

"काल दोन्ही सायकलींना दिलं," ते म्हणाले. "सकाळी पुन्हा एकदा दिलं. परीक्षा होती ना, म्हणून जरा जास्त. माझा बाप मिलमध्ये सायकलनं जाये. दर रविवारी साखळीला खोबरेल. कधी करकर वाजली नाही." मग एक हात कपाळावर मारून म्हणाले, "बाप्पा! हिवाळ्यात माय तेलाची शिशी उन्हात ठेवे, तवा कुठं तेल निघे. नागपूरच्या थंडीत गोठते ते इथं काय करीन? सत्तावीस वर्षं मी मशीन पाहिल्या, ताई. अन् हा धोका कार्डावर नाही."

चिंचवडला आमची आईही थंडीत बाटली उन्हातच ठेवायची. बर्फाचे टायर लावल्यापासून माझीही सायकल साहेबांच्या गॅरेजमध्येच असायची. तिथे हीटर असतो, त्यामुळे तेल पातळ दिसलं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत त्याचं मेण झालं. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग एकदम हायसं वाटलं. म्हणजे दोष माझ्या मांड्यांचा नव्हता!

पण साहेबांचा चेहरा उतरला होता. सव्वाअकरा वाजले होते. पूल समोर, बाक पलीकडे, जवळजवळ दोन किलोमीटर अजून.  त्यांनी पाठीवरच्या पिशवीतून थर्मास काढला. त्यात आल्याचा चहा होता, बाकावर पास झाल्यावर प्यायचा म्हणून केलेला. जड मनाने झाकण उघडलं आणि सगळा चहा दोन्ही चाकांवर ओतला. मी म्हटलं, "निदान एक घोट तरी..." तोवर थर्मास रिकामा झाला होता.

तेल वितळलं. आम्ही टुणकन सायकलींवर चढलो आणि पूल ओलांडला. खाली नदीच्या कडांना बर्फ, मधल्या पाण्यावरून वाफ निघत होती आणि मला आल्याचा वास येत होता. पूल संपला तेव्हा चहाच गोठला. आता खोबरेल आणि चहा मिळून असं काही घट्ट बसलं की पायडल पुन्हा गरागरा.

"ढकलायच्या," साहेब म्हणाले.

बर्फातून सायकल ढकलणं हे चालवण्यापेक्षा फार वाईट काम आहे. मी दर पन्नास पावलांवर थांबत होते. साहेब माझ्यासाठी थांबत होते आणि दर वेळी म्हणत होते, "थांबू या जी, मलाच दम लागला." बारा वाजायला दोन मिनिटं असताना आम्ही त्या हिरव्या बाकावर पडलो.

साहेबांनी बाहेरच्या खिशातून फोन काढला. थंडीने फोनची बॅटरी मेलेली.  पण माझा फोन स्वेटरच्या आत पोटाशी होता, ऊबदार. पुण्याच्या बायका फोन थंडीत बाहेर ठेवत नसतात. तो तेवढ्यात वाजला. प्रज्ञाच होती.

मी त्यांच्या कानात म्हटलं, "साहेब, बाक दिसतंय, पूल दिसतोय. सायकलीवर बसून आलो म्हणून सांगा. कोणाला कळणार आहे?"

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन पुढे केला. फोन हातात घेतला आणि ते ताठ उभे राहिले.

"प्रज्ञा, खरं सांगून राहिलो. अर्धी सायकल चालवली. पूल चालवत पार केला. पुढची ढकलत आणली. साखळीला मी खोबरेल लावलं होतं, ते गोठलं. चूक माझी. आता निकाल दे."

 प्रज्ञा म्हणाली, "बाबा. यू पुट कोकोनट ऑइल. ऑन अ बाइक. इन जॅन्युअरी."

"हो."

"अँड देन यू पुश्ड इट थ्रू द स्नो? ऑल द वे?"

"हो. मग काय करणार होतो?"

"पाय दुखतायत? चेस्ट पेन? खरं सांग."

"नाही. दम पण नाही." त्यांनी कॅमेरा माझ्याकडे फिरवला. "दम यांना लागला आहे."

मी बाकावर आडवी, तोंड उघडं, भुवयांवर बर्फ. प्रज्ञा इतकी हसली की तिच्या हातातला फोन हलायला लागला. हसता हसता ती रडायला लागली हे मला दिसलं, साहेबांना दिसलं की नाही माहीत नाही. "आय सेड स्वतःच्या ताकदीवर," ती डोळे पुसत म्हणाली. "आय नेव्हर सेड पायडलिंग. ओके. घर राहू दे. बट यू आर गेटिंग अ रेलिंग ऑन दॅट जिना."

साहेबांनी फोन मला परत दिला आणि ते नदीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे एकदम खाली आले त्यांचे. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं. इतकं बरं मला सई पास झाल्यावरही वाटलं नव्हतं.

परत आम्ही बसने आलो, सायकली बसच्या पुढच्या रॅकवर. ड्रायव्हरने चाकं पाहिली, वास घेतला, आणि मान हलवत बस सोडली.

साहेब म्हणाले, बुडालेला चहा आता घरी पिऊ. ते स्वयंपाकघरात मीटिंग घेत होते तेव्हा मी जेवणाच्या टेबलाशी बसले. टेबलावर कार्डांचा गठ्ठा होता. बारावा धोका आपणच लिहून टाकावा आणि त्यांना चिडवावं म्हणून मी आजचं कार्ड शोधायला लागले. ते सापडलं नाही. गठ्ठ्यात खाली एक वेगळंच सापडलं. तारीख नोव्हेंबरातली होती, म्हणजे साहेब हेल्मेट घेऊन माझ्या दारात यायच्या आधीची.

धोका: पोतदारताई. मंदार दोन-दोन आठवडे बाहेर. मुलगी गेल्यापासून घराबाहेर पडल्या नाहीत. दिवसाही पडदे बंद. दिवा फक्त बेसमेंटचा.

उपाय: दर रविवारी सायकल. मलाच सोबत पाहिजे असं सांगणे, नाही तर येणार नाहीत.

जबाबदार: गजभिये.

त्याखाली वेगळ्या शाईने, डिसेंबरातली तारीख घालून लिहिलं होतं: प्रज्ञाकडे गेलो तर हे काम कोणाला सोपवायचं? आणि त्यापुढे काहीच नव्हतं.

मी ते कार्ड दोनदा वाचलं. मला लाज वाटली, फोनवर मारलेल्या त्या सुस्काऱ्यांची. आणि मग रडू आलं. बिचारे एकटे आहेत रे, म्हणे. पडद्याच्या फटीतून मी त्यांना बघत होते, आणि ते त्यांच्या खिडकीतून माझा पडदा बघत होते. कार्डावर खरं लिहावं लागतं, ते त्यांनी लिहिलं होतं. खोटं फक्त माझ्या दारात येऊन बोलले होते.

आतून आवाज आला, "धोका काय? दूध उतू जाणे. उपाय काय? इथून हलायचं नाही."

मी घाईघाईने कार्ड गठ्ठ्यात होतं तसं ठेवलं. ठेवताना माझी नजर तळाशी गेली. "काम पूर्ण" असं छापलेलं होतं आणि पुढची चौकट कोरी होती. ती कोरी आहे हे पाहून मला फार बरं वाटलं.